टँकरच्या नोंदी, चार रास्पबेरी पाय आणि ब्लॉकचेन : कमी विजेत जमेल का?

मीटरवाली (धागाकर्ती) | शनिवार, १०:१२

मंडळी, धागा तंत्रज्ञान विभागात टाकतेय. विषय निम्मा सोसायटीचा आहे, तेव्हा संपादकांना हलवावासा वाटला तर खुशाल हलवा.

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिम कडेला. इमारती चार, अ ते ड. फेब्रुवारी उजाडला की टँकर सुरू होतात. टँकर आला की वॉचमन वहीत लिहितो, महिनाअखेरीस पुरवठादाराचं बिल येतं, आणि वही नि बिल यांची गाठ काही पडत नाही. ब वाल्यांचा संशय क वर, क वाल्यांचा वॉचमनवर, वॉचमनचा सगळ्यांवर. यंदा खजिनदार मी आहे (सभेला गेले नव्हते, म्हणून निवडून आले).

माझी नोकरी एम्बेडेडमधली, त्यामुळे डोक्यात आलं ते असं: जमिनीखालच्या टाकीच्या इनलेटला पल्स देणारा मीटर बसवायचा आणि प्रत्येक इमारतीच्या मीटर रूममध्ये एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) ठेवायचा. टँकर रिकामा झाला की किती लिटर, किती वाजता ही नोंद चौघांकडे जाईल, चौघे तपासतील, सही करतील आणि ती साखळीत जाईल. मग कोणा एकाला मागे जाऊन आकडा बदलता येणार नाही.

सभेत हे मांडलं तर अध्यक्षांनी कात्रणच काढलं. बिटकॉइनला एखाद्या देशाएवढी वीज लागते म्हणे. "कॉमन मीटरचं बिल आधीच किती येतं, बघितलंयत ना?" पुढे कोणी ऐकलंच नाही.

तर विचारायचं हे की असल्या छोट्या यंत्रांवर ब्लॉकचेनची तपासणी खरंच चालते का, वीज किती जाईल, आणि आमच्याकडे गुरुवारी दुपारी वीज जाते त्याचं काय करायचं? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर जास्त बरं.

अ_ज्ञ | शनिवार, १०:३१

एक वही, दोन सह्या. एक वॉचमनची, एक टँकर ड्रायव्हरची. धागा बंद करा.

निवांत नाना | शनिवार, १०:४०

अ_ज्ञ, इतक्यात बंद करू नका हो. शनिवार आहे, आत्ता कुठे चहा टाकलाय.

टेकडीवरचा | शनिवार, ११:२५

अध्यक्षांचं कात्रण खोटं नाही, ते दुसऱ्या कामाबद्दल आहे.

ब्लॉक म्हणजे नोंदींचा गठ्ठा, ब्लॉकचेन म्हणजे त्यांची साखळी. त्यात दोन कामं असतात आणि बातम्यांत त्यांची खिचडी होते. पहिलं काम तपासण्याचं. सही जुळते का, तेच पैसे दोनदा खर्च होत नाहीयेत ना, मागच्या ब्लॉकचा हॅश (मजकुरातून गणिताने काढलेला ठसा, अक्षर बदललं की तोही बदलतो) बरोबर आहे का. दुसरं काम म्हणजे पुढचा ब्लॉक कोणी लिहायचा ते ठरवणं. पहिलं काम तुमच्या हातातला फोनसुद्धा करेल. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, त्यात काही हजार व्यवहार. तेवढ्या सह्या तपासायला पायला काही सेकंद पुरतात, उरलेला वेळ तो बसून असतो.

वीज खातं ते दुसरं काम. का, तर तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. एकच माणूस हजार नावांनी मत देऊ शकतो. म्हणून मताला खर्च लावून ठेवलाय: शा-२५६ या पद्धतीने हॅश काढत बसा, ठरलेल्या मर्यादेखालचा हॅश ज्याला आधी सापडेल त्याने ब्लॉक लिहायचा. हेच मायनिंग, या पद्धतीचं नाव प्रूफ ऑफ वर्क. यात गंमत अशी की यंत्रं सुधारली म्हणून वीज वाचत नाही. दर २०१६ ब्लॉकनंतर अवघडपणा नव्याने ठरतो, त्यामुळे यंत्रं वाढली की कोडंही अवघड होतं आणि ब्लॉक दहा मिनिटांनीच येत राहतो. केंब्रिज विद्यापीठ याचा अंदाज सतत काढत असतं. वर्षाला १०० टेरावॉट-तासांच्या वर आहे तो.

तुमच्या चार इमारती एकमेकींना ओळखतात (जरा जास्तच). मग शर्यत कशासाठी? चौघांच्या सार्वजनिक चाव्या (ज्यांनी त्यांची डिजिटल सही पडताळता येते) आधीच जाहीर करायच्या, पाळीपाळीने ब्लॉक लिहायचा, बाकीच्यांनी तपासून सही करायची. याला प्रूफ ऑफ अथॉरिटी म्हणतात. यात शर्यत नाही, म्हणून शर्यतीची वीजही नाही.

चाकणचा चक्रम | शनिवार, ११:५८

टेकडीवरच्यांना +१. अध्यक्षांना आकडेच द्या, तात्त्विक बोलून उपयोग नसतो.

पाय ४ घ्या, वर एसएसडी जोडा, आणि सरासरी ५ वॉट धरा. ५ गुणिले २४ गुणिले ३० म्हणजे महिन्याला ३.६ युनिट. चार पाय म्हणजे साडेचौदा युनिट. युनिटला बारा रुपये धरले तरी महिन्याचे पावणेदोनशेच्या आत, अख्ख्या सोसायटीचे.

आता तुमचा पाण्याचा पंप. ५ अश्वशक्तीचा असेल तर एक तास चालला की ३.७ युनिट. म्हणजे एक पाय महिनाभर जेवढी वीज घेतो तेवढी पंप एका तासात घेतो. वरची टाकी भरून वाहत असताना पंप बंद करायला कोण जातं, हा प्रश्न अध्यक्षांना विचारा एकदा.

आणि कात्रणातलं मायनिंगचं यंत्र हवंच असेल तर अँटमायनर एस२१. ३५०० वॉट, दिवसाला ८४ युनिट. २३० व्होल्टला पंधरा अँपिअर ओढतं. साध्या प्लगला लावलंत तर आधी प्लग जाईल, मग फ्लॅट.

मीटरवाली | शनिवार, १२:१०

चक्रम, पंपाचा हिशोब सोन्याचा आहे. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावते.

निवांत नाना | शनिवार, १२:२२

रच्याकने, नातवाने एक काडेपेटीएवढं यंत्र आणलंय. पडद्यावर आकडे पळतात, पाच वॉटसुद्धा खात नाही आणि बिटकॉइन शोधतंय म्हणतो. मग कमी विजेत मायनिंगही होतंच की!

तपकीर गल्ली | शनिवार, १३:०५

नाना, ते नर्डमायनर असणार. आत ईएसपी३२ चिप. छान खेळणं आहे, मीही दुकानात एक चालू ठेवलंय, गिऱ्हाईक थांबून बघतं.

हिशोब ऐका. ते सेकंदाला काही लाख हॅश काढतं. तीन लाख धरू. सगळं बिटकॉइन जाळं आज सेकंदाला साधारण एक झेटाहॅश काढतं, म्हणजे एकावर एकवीस शून्यं. वर्षात ब्लॉक निघतात साडेबावन्न हजार. भागाकार केलात तर नातवाला एक ब्लॉक सापडायला सरासरी सहा हजार कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १३८० कोटी आहे.

निवांत नाना | शनिवार, १३:११

थांबू की. निवृत्त आहे, घाई नाही.

सीए मावशी | शनिवार, १३:३४

नाना, सापडला तर मला फोन करा. आभासी मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे. एकातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएसही आहे. ब्लॉकला सध्या ३.१२५ बिटकॉइन मिळतात ना? माझी फी त्यातून परवडेल.

शंकासुर | शनिवार, १४:५०

रंगाचा बेरंग करतोय, पण कोणीतरी करायला हवा.

ताईंना ब्लॉकचेन कशाला हवी आहे? कोणी मागचा आकडा गुपचूप बदलू नये म्हणून. त्यासाठी हॅशची साखळी पुरते आणि ती कल्पना बिटकॉइनच्या फार आधीची आहे. हेबर आणि स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर वेळेचा शिक्का मारायची पद्धत मांडली. प्रत्येक शिक्क्यात आधीच्या शिक्क्याचा हॅश. पुढे त्यावर कंपनी निघाली आणि १९९५ पासून ती आठवड्याचा एकत्रित हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला लागली. पेपर लाखो घरांत गेला की मागे जाऊन बदलणार कोण? त्यात ना मायनर, ना व्हॅलिडेटर (ब्लॉक तपासून सही करणारे), ना पाय.

तुम्हीही तेच करा. रोज रात्री दिवसाच्या नोंदींचा हॅश काढा आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. दोनशे फोनमध्ये तो जाऊन बसेल. वाढीव वीज शून्य.

दुसरं. नोंद साखळीत गेली म्हणजे ती खरी झाली, हा समज सगळ्यात महागात पडतो. चुकीचा आकडा आत गेला तर तो चुकीचाच आणि कायमचा.

टेकडीवरचा | शनिवार, १५:२०

शंकासुर, निम्मं मान्य. हॅश ग्रुपवर टाकला की नंतरचा बदल पकडला जाईल हे खरं. पण हॅश काढण्याआधीच नोंद गाळली तर? तुमच्या पद्धतीत यंत्र एक आणि ते खजिनदाराच्या ताब्यात. आज ताईंवर विश्वास आहे, उद्या खजिनदार बदलेल. चार जागी एकाच वेळी नोंद पोचते, त्याचा उपयोग हा. कोणा एकाला "ही नोंद आलीच नव्हती" म्हणता येत नाही.

जुन्नरी | शनिवार, १७:४५

आमची द्राक्षं युरोपला जातात, म्हणून दोन शब्द. अपेडाचं (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था) ग्रेपनेट २००६ पासून चालू आहे. प्लॉटची नोंदणी, फवारणीची माहिती, उर्वरित अंशाचा तपासणी अहवाल, पॅकहाउस, सगळं एका साखळीत बघता येतं. साखळी म्हणजे साधी, ब्लॉक नसलेली. मध्यवर्ती डेटाबेस आहे आणि चालतो, कारण अपेडा शेतकरीही नाही आणि निर्यातदारही नाही. दोघांना तिऱ्हाईत.

गावच्या पाणी वापर संस्थेत मात्र असा तिऱ्हाईत नसतो. तिथे रोटेशनचं वेळापत्रक कोणी लिहायचं यावरून हाणामारी होते. तुमची सोसायटी मला त्या प्रकारातली वाटते. शहरातले असलात तरी.

अ_ज्ञ | शनिवार, १७:५२

"शहरातले असलात तरी" 😀 जुन्नरीभाऊ, खरं बोललात.

हिंजवडीचा_हमाल | शनिवार, २२:१८

शिफ्ट संपवून आलो. घरी इथेरियमचा (बिटकॉइनसारखंच दुसरं मोठं जाळं) व्हॅलिडेटर चालवतो, म्हणून प्रत्यक्षातलं सांगतो.

इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंग सोडलं आणि प्रूफ ऑफ स्टेकवर गेलं. जाळ्याची वीज एका दिवसात ९९.९५ टक्क्यांच्या आसपास उतरली. शर्यतीऐवजी अनामत: ३२ इथर (इथेरियमचं चलन) अडकवायचे, दर बारा सेकंदांना एक स्लॉट, अशा बत्तीस स्लॉटांत एकदा तुमची पाळी येते आणि मत नोंदवायचं असतं. लबाडी केलीत तर अनामत कापतात.

पण इथेरियमचा पूर्ण नोड (अख्खी साखळी ठेवून तपासणारं यंत्र) पायवर चालवायचं स्वप्न आता बाळगू नका. पूर्वी लोक पाय ४ वर चालवत होते, हौशी लोक अजूनही पायसारख्या छोट्या एआरएम बोर्डांवर धडपडतात. माझं यंत्र मिनी पीसी आहे, ३२ जीबी मेमरी आणि २ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), तीही भरत आलीय. अडचण प्रोसेसरची नाही. खाती आणि शिलका हजारो ठिकाणी वाचायच्या-लिहायच्या असतात, तिथे डिस्क दमते. साध्या हार्डडिस्कवर तर नोड कधी गाठच घेत नाही, पुढचा ब्लॉक येतो आणि तुम्ही मागेच.

वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. बंद असताना दंड होतो तो साधारण जेवढं मिळालं असतं तेवढ्याच्या आसपास. खरी वाट लागते ती हुशारीने. ओळखीतल्या एकाने वीज जाते म्हणून भावाच्या घरी तीच सहीची चावी घालून दुसरं यंत्र चालू ठेवलं. दोन्ही यंत्रं एकदम जागी झाली, एकाच पाळीला दोन वेगळी मतं गेली आणि अनामत कापली गेली. वर त्याला रांगेतून बाहेर काढलं ते वेगळंच. ताई, तुमच्या पायचंही हेच. चावीची नक्कल करून "बॅकअप" ठेवू नका.

मीटरवाली | रविवार, ०९:०५

हमाल, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. मी नेमकी ब इमारतीची चावी अ च्या यंत्रावर कॉपी करून ठेवणार होते, वीज गेली तर असावी म्हणून.

आमचा डेटा मात्र किरकोळ आहे. अगदी मे महिना धरला तरी दिवसाला वीस नोंदी. एक नोंद सह्यांसकट अर्धा केबी धरली तर वर्षाची साखळी चार एमबीच्या आत बसते.

शंकासुर | रविवार, ०९:२०

चार एमबी! त्यासाठी चार संगणक. माझं म्हणणं संपलं.

ढ विद्यार्थी | रविवार, १०:४४

नमस्कार, मी शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गाइड मॅडम म्हणतात चार नोड कमीत कमी हवेत, तीन चालत नाहीत. बहुमत तर तीनातही होतं ना? का चालत नाहीत?

टेकडीवरचा | रविवार, ११:३०

मॅडम बरोबर आहेत. यंत्र नुसतं बंद पडणार असेल तर तीन पुरतात, दोघांचं बहुमत. पण यंत्र खोटं बोलणार असेल, म्हणजे तुला एक आणि मला दुसरंच सांगणार असेल, तर हिशोब बदलतो. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी १९८२ मध्ये दाखवलं की सह्यांशिवायच्या निरोपांत एका खोटारड्याला पुरून उरायला एकूण चार जण लागतात, दोघांना सात. चावीच्या सह्या असल्या तरी निरोप किती उशिरा पोचेल याचा भरवसा नसेल, तेव्हा सूत्र तेच राहतं. समज, एक यंत्र गप्प आहे. ते बंद पडलंय की केबल सुटलीय, तुला कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी अडून राहता येत नाही. आणि जे बोलतायत त्यांतच खोटारडा असू शकतो. तेवढी उसंत चौथ्यामुळे मिळते. इंटरनेटवर प्रत्यक्ष चालेल अशी पद्धत कॅस्ट्रो आणि लिस्कोव्ह यांनी १९९९ मध्ये दिली.

ताईंकडे इमारती चार, म्हणजे खोटारडी एक चालेल. नोंद पक्की व्हायला तीन सह्या. दोन इमारती एकदम बंद पडल्या तर साखळी थांबेल, पण चुकीची नोंद पक्की होणार नाही.

निवांत नाना | रविवार, ११:३६

एक तृतीयांशापेक्षा कमी लबाड असतील तरच चालतं म्हणता? मग आमच्या सोसायटीत नाही चालायचं. (हलके घ्या.)

तपकीर गल्ली | रविवार, १३:१५

आता खरी दुखणी. मी ही यंत्रं विकतो, परत आलेलीही बघतो.

एसडी कार्डावर सतत लिहिणारं काही चालवू नका. लिहीत असतानाच वीज गेली की कार्ड जातं, आणि तुमच्याकडे ती दर गुरुवारी जाणार. छोटी एसएसडी लावा आणि मूळ प्रणाली फक्त वाचता येईल अशी ठेवा. राउटरसाठी मिळतो तसला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस असतो, त्यावर राउटर निघतो. पायला मात्र ५ व्होल्टचा वेगळा बघा.

घड्याळ. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज आली, इंटरनेट अजून आलं नाही, तर त्याची वेळ मागेच अडकलेली असते आणि तेवढ्यात टँकर आला तर नोंदीवर भलतीच वेळ पडते. डीएस३२३१चं छोटं घड्याळाचं मोड्यूल लावा. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते आणि बहुतेक जण जोडत नाहीत.

तिसरं तापमान. मे महिन्यात पत्र्याच्या दाराची मीटर रूम. पाय ८० अंशांना आपणहून वेग कमी करतो. तुमच्या कामाला वेग लागत नाही, पण डबा बंद ठेवू नका.

चाकणचा चक्रम | रविवार, १३:४०

पाय कशाला? घरोघरी ड्रॉवरमध्ये जुने अँड्रॉइड फोन पडलेत. बॅटरी आतच, म्हणजे यूपीएस फुकट. घड्याळ चालू राहतं. स्टोरेज एसडी कार्डापेक्षा दणकट. वीज एक-दोन वॉट. टर्मक्स (अँड्रॉइडवर लिनक्सचे प्रोग्राम चालवणारं ॲप) टाका आणि चालवा.

तपकीर गल्ली | रविवार, १३:५२

आणि वर्षभर चार्जरला लावलेल्या फोनची बॅटरी मीटर रूमच्या उन्हाळ्यात फुगली की? शेजारी सगळ्या बिल्डिंगचे फ्यूज आहेत.

चाकणचा चक्रम | रविवार, १४:०१

टायमरचा प्लग लावायचा, दिवसातून दोन तास चार्ज. आणि मीटर रूममध्ये ठेवूच नका, कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये ठेवा.

तपकीर गल्ली | रविवार, १४:०६

कोणाच्या फ्लॅटमध्ये, यावर वेगळी सभा होईल.

मितभाषी | रविवार, १६:३०

रहिवाशांनी स्वतःच्या फोनवर तपासायचं असेल तर पूर्ण साखळी लागत नाही. बिटकॉइनच्या ब्लॉकचं शीर्षक फक्त ८० बाइटचं. २००९ पासूनची नऊ लाखांहून जास्त शीर्षकं मिळून सत्तर-पंचाहत्तर एमबी. चार हजार व्यवहारांच्या ब्लॉकमध्ये आपला व्यवहार आहे हे पटवायला ३२ बाइटचे बारा हॅश पुरतात, मर्कल झाडामुळे (जोडीजोडीने हॅशांचे हॅश काढत वर जायचं). इथेरियममध्ये ५१२ व्हॅलिडेटरांची समिती दर सत्तावीस तासांनी बदलते, हलका क्लायंट (पूर्ण साखळी न ठेवणारं ॲप) फक्त तिच्या सह्या बघतो. मिना नावाची साखळी तर सगळा पुरावा २२ केबीत ठेवते म्हणते. पुरावा तयार करायला तगडं यंत्र लागतं, तपासायला हलकं चालतं. पुढची दिशा तीच आहे.

निवांत नाना | रविवार, १६:३८

हे मितभाषी?

पर्वती पायथा | रविवार, १८:१०

अवांतर : सरकारही यात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ब्लॉकचेन चौकट जाहीर केली, विश्वस्य नावाची. ती एनआयसीच्या (केंद्र सरकारची संगणक संस्था) भुवनेश्वर, हैदराबाद आणि आपल्या पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये विभागून ठेवलीय. म्हणजे नोड ओळखीचे, परवानगीचे. टेकडीवरचे म्हणतात तेच, सरकारी आकारात.

शंकासुर | रविवार, १८:२५

आणि तिन्ही जागी मालक एकच. मग मला सांगा, खोटं बोलायचं ठरवलं तर कोण कोणाला पकडणार? डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो आणि बँक तो घेते. त्यामागे विश्वास सहीवर आहे, साखळीवर नाही.

पर्वती पायथा | रविवार, १८:४०

बँक घेते, पण भाऊबंद घेतात का? आमच्याकडे सातबाऱ्यावरून तिसरी पिढी कोर्टात आहे. असो, तो वेगळा धागा.

पाणीवाला | सोमवार, ०७:५०

सगळं वाचलं. सह्या, हॅश, खोटारडे. मीटरबद्दल कोणीच बोललं नाही. मी पाण्याच्या लाइनींची कामं करतो.

टँकरचा पाइप जोडला की आधी हवा येते, मग पाणी, शेवटी परत हवा. फिरत्या चक्राचा मीटर हवाही मोजतो. दहा हजार लिटरच्या टँकरला किती जास्त दाखवेल ते जोडणीवर आहे. इनलेटला हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आणि मीटरच्या आधी सरळ पाइपाचा तुकडा घ्या. टाकी आधीच भरलेली असेल तर मीटर फिरत राहील आणि पाणी गटारात. आणि ड्रायव्हरने पाइप मीटरला न जोडता झाकण उघडून थेट टाकीत सोडला तर तुमच्या चारही यंत्रांना पत्ता नाही. झाकणाला कुलूप लावा. टाकीत पातळीचा सेन्सर टाका, मीटर म्हणतो तेवढी पातळी चढली का ते बघा. दोन्ही जुळले तरच नोंद.

शंकासुर | सोमवार, ०८:१५

पाणीवाल्यांना साष्टांग. दोन दिवसांतला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

टेकडीवरचा | सोमवार, ०९:४०

सहमत. आणि यातून तपासणीचा अर्थही पक्का होतो. चार पायनी नुसती सही जुळते का एवढंच बघितलं तर ते रबरी शिक्के. मीटर आणि पातळी जुळते का, दहा हजारांच्या टँकरमधून चौदा हजार कसे आले, दोन टँकरमध्ये तीनच मिनिटं कशी, हे नियम चौघांनी आपापले तपासायला हवेत. न जुळणारी नोंद टाकून देऊ नका, "वादग्रस्त" म्हणून साखळीत घ्या. ती गाळायची मुभा ठेवलीत की भांडण परत वहीवर येईल.

मीटरपाशी ईएसपी३२ ठेवा आणि शेजारी एटीईसीसी६०८ची चिप. सहीची खासगी चावी तिच्या आतच तयार होते आणि बाहेर काढता येत नाही. वीज किंवा नेट नसेल तेव्हा नोंद सही करून तिथेच साठेल, चौघे जागे झाले की पुढे जाईल. इमारती लांब असतील आणि वायफाय पोचत नसेल तर लोरा (कमी विजेचा, लांब पल्ल्याचा रेडिओ) वापरा, आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. नोंद लहान आहे, जमेल.

शंकासुरांचं व्हॉट्सॲपही सोडू नका. चौघांनी संगनमत केलं तर साखळी नव्याने लिहिता येईल, पण ग्रुपवर गेलेला रोजचा हॅश कसा बदलतील?

शंकासुर | सोमवार, ०९:५५

चला, एवढं पदरात पडलं. पण व्हॉट्सॲपच्या हॅशवर लगेच चार जण "शुभ सकाळ" टाकतील आणि तो वर जाईल. पिन करा.

हिंजवडीचा_हमाल | सोमवार, १३:१०

कम्युनिटीने चालवायच्या छोट्या यंत्रांचं एक वाईट उदाहरणही सांगून ठेवतो. चिया नावाचं जाळं. प्रूफ ऑफ वर्कऐवजी डिस्कची रिकामी जागा, तीत मोठाल्या फायली भरून ठेवायच्या. २०२१ मध्ये आलं, हिरवं म्हणून गाजलं. वीज खरंच कमी लागायची. पण त्या फायली तयार करताना एसएसडीवर इतकं लिहिलं जायचं की साध्या डिस्क लवकर झिजायच्या. तेव्हा वॉट मोजताना कचराही मोजा. त्या अर्थाने चक्रमचा जुना फोन चांगलाच आहे, तो नव्याने बनवावा लागत नाही.

मीटरवाली | मंगळवार, २१:४०

सगळ्यांचे आभार. काल कमिटीची बैठक झाली. पंपाच्या हिशोबानंतर विजेचा मुद्दा अध्यक्षांनी स्वतःच सोडला. ठरलंय ते असं: मीटर, पातळीचा सेन्सर आणि झाकणाला कुलूप आधी, कारण त्याशिवाय बाकी सगळं फोल. मग चार पाय, एसएसडीसह. फोन नको, फुगलेल्या बॅटरीच्या नुसत्या उल्लेखाने दोन काकू उठून उभ्या राहिल्या. रोजचा हॅश ग्रुपवर.

आता अडलंय ते वेगळ्याच जागी. ड इमारतीची चावी कोणाकडे? तिथले प्रतिनिधी सहा महिने मुलीकडे कॅनडाला असतात. आणि कमिटीची मुदत पाच वर्षं, माणसं बदलली की चाव्या कशा बदलायच्या?

टेकडीवरचा | मंगळवार, २२:१५

चावी माणसाकडे नको, यंत्रातच असू दे. माणसाकडे फक्त यंत्र बदलायचा अधिकार. नवी चावी आणायची असेल तर ती नोंदही साखळीत घाला आणि बाकीच्या तिघांच्या सह्या झाल्याशिवाय लागू होणार नाही असा नियम ठेवा. जुनी चावी त्याच नोंदीत रद्द. कॅनडाहून कोणाला उठवायची गरज नाही.

सीए मावशी | मंगळवार, २२:३०

आणि तो नियम सभेच्या इतिवृत्तातही घ्या, कागदावर, सह्यांसकट. ऑडिटर साखळी बघणार नाही, इतिवृत्त बघेल.

मीटरवाली | मंगळवार, २२:४१

तीन सह्यांचा नियम ठरावात घालते, मावशी. विशेष सर्वसाधारण सभा येत्या रविवारी आहे.

ढ विद्यार्थी | बुधवार, ०१:२०

ताई, हे आम्ही प्रोजेक्ट म्हणून घेतलं तर चालेल का? चौघे आहोत, एकेक इमारत सांभाळू.

तपकीर गल्ली | बुधवार, ०९:३०

घे रे. पण पाणीवाल्यांना भेटल्याशिवाय सर्किट काढू नकोस. आणि सामान घ्यायला येशील तेव्हा यादी लिहून आण, "ते छोटं निळं बोर्ड" असं सांगणारे रोज दहा येतात.